मंगळवारची काच

९ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. शोकसभेला तू येणार नाहीस हे कळलं. "बाबांबद्दल चार बरे शब्द माझ्यापेक्षा तुम्हालाच सापडतील काका, माझ्याही वतीने तुम्हीच बोला," हे वाक्य दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून उजवीकडे झुकतं. दादाला ते कधी खपलं नाही. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचा पितळी ओळंबा तो तुझ्या वहीसमोर धरायचा आणि तुलाच 'ओळंबे' म्हणून हाक मारायचा. मी 'ठिणगी' म्हणायचो. एका मुलीला दोन नावं, आणि तू कुठल्या हाकेला ओ देतेस यावर आम्हा भावांची चुरस. बहुतेक वेळा मीच जिंकायचो.

तो कसा गेला ते तुझ्या आईने, वहिनींनी, फोनवर सांगितलं असेल, पण त्या दुःखाची गोष्ट दोन वाक्यांत उरकतात. मंगळवार होता. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, तरी मंगळवारी सकाळी पुलाखाली जाऊन यायची सवय त्याने सोडली नव्हती. परत येताना कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्याच्या बाकावर टेकला आणि म्हणाला, "जरा बसतो." त्या माणसाने एका चपलेचा अंगठा शिवून होईपर्यंत हा गेलेला होता. खिशात पेन्सिल, बॅटरी, फडक्याची घडी आणि हाताच्या पंज्याएवढी नोंदवही. शेवटची नोंद त्याच सकाळची. 'पाहिली. ठीक.'

हा शब्द तुला आवडत नाही, माहीत आहे.

सभा एक मार्चला, रविवारी आहे. मी बोलेन. चाळीस वर्षं बोलतोच आहे.

तुझा काका

१५ फेब्रुवारी

ठिणगे,

काल युनियनचा सचिव आला होता. तुला तो फिटर म्हणून आठवेल. पुलापलीकडच्या वसाहतीतला, माझ्या सभेत सतरंज्या घालायचा. आता केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. म्हणाला, "काका, भावाबद्दल बोलायचं म्हणजे अवघड. पण तुम्ही पुलाच्या आंदोलनात भावाची सुद्धा भीड ठेवली नाहीत, म्हणून तर लोक अजून तुम्हाला मानतात."

मी चहा विचारला. नको म्हणाला. बरं झालं, दूध संपलं होतं.

सभेत नवी मुलं असतील, त्यांना सगळं मुळापासून सांगावं लागेल. तुझ्यावर तालीम करतो. काँक्रीटला भेग पडली की इंजिनिअर तिच्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतो आणि कोपऱ्यात तारीख घालतो. काच ताण सोसत नाही. भेग केसभर हलली तरी ती तडकते. काच शाबूत, म्हणजे भेग झोपलेली. "भेग केवढी ते विचारू नका," दादा म्हणायचा, "जागी आहे की झोपलीय ते विचारा." पुलाच्या तिसऱ्या खांबावर त्याची अशी पट्टी होती. दर मंगळवारी तो ती पाहायचा, त्याला तो 'वाचन' म्हणायचा, आणि बांधकाम खात्याच्या रजिस्टरात 'ठीक' लिहायचा. कारखान्याची पाळी सुटली की त्या पुलावरून दोन हजार माणसं चालायची.

इथवर लिहून थांबलो. कागद बदलला, पेन बदलला. मग वाटलं, पुलापासून नको, घरापासून सुरुवात करावी.

तुझा झोका आठवतो? दादाने मागच्या अंगणात लोखंडी नळ्यांचा केला होता. शेजारपाजारची मुलं रांगेत उभी. आणि हा गृहस्थ झोक्यावर वाळूची पोती बांधतोय, तुझ्या वजनाच्या तिप्पट. म्हणे दोन दिवस भार राहू दे, मग बघू. तू रडकुंडीला आलीस. "बाबा, वाळूचा झोका झाला, माझा कधी?" मी तुला खांद्यावर घेतलं आणि सरळ बागेतल्या झोक्यावर नेऊन बसवलं. परत येताना तू म्हणालीस, "काका, तुम्हीच माझे बाबा व्हा." फाटकात दादा उभा होता. त्याने ऐकलं. आणि पोत्यांच्या गाठी तपासायला गेला.

तो झोका अजून उभा आहे. वहिनी त्यावर पायपुसणी वाळत घालतात. बागेतला कधीच मोडला.

घरातल्या प्रत्येक स्टुलाखाली त्याने आकडा घातलेला होता, कुठलं किती वजन पेलेल त्याचा. एकदा तुझी जाडी मावशी बसायच्या आधी स्टूल उलटं करून बघायला लागली, तेव्हा वहिनींनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. हे सभेत सांगितलं तर लोक हसतील. पण मग हसून झाल्यावर काय सांगू?

भाषण जमत नाही, ठिणगे. असं कधी झालं नव्हतं.

काका

२० फेब्रुवारी

ठिणगे,

वहिनींनी काल बोलावून घेतलं. दादाचं कपाट आवरायला काढलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर लागत नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वाचा, मी ठेवते." एकोणतीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो. मी घर सोडलं ते पुलाच्या सभेच्या वर्षी, तुला माहीत आहे. मी सगळ्यांना सांगितलं की तत्त्वासाठी सोडलं.

कपाटात काय होतं? तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं, सालवार. तू घासून लहान केलेल्या पेन्सिली, लांबीप्रमाणे लावलेल्या. त्याच्या वाढदिवसाला तू पाठवलेली कार्डं, दरवर्षीचं एक, ज्यात तू फक्त सही करायचीस. आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात काचपट्ट्या. जुनी झालेली, प्लास्टर सुटलेली पट्टी तो काढायचा, नवी लावायचा आणि जुनी कागदात गुंडाळून घरी आणायचा. प्रत्येक पुडीवर अमुक तारखेला लावली, अमुक तारखेला काढली, शाबूत. मी वाचत गेलो, वहिनी एकेक ओळीने मांडत गेल्या.

एका पुडीवर मी थांबलो.

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"तेच," मी म्हणालो. "शाबूत."

त्यांनी पुडी हातात घेतली, जरा हलवली. आत तुकडे वाजले. त्यांनी ती इतरांच्या ओळीत न ठेवता माझ्यासमोर ठेवली आणि चहा टाकायला उठल्या.

मी चहा न घेता निघून आलो. पुडी माझ्या खिशात आहे.

काका

२२ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं उत्तर आलं. तू लिहितेस, "बाबांशी शेवटचं बोलणं दिवाणखान्यातल्या घड्याळाबद्दल झालं. मी विचारलं कसे आहात, ते म्हणाले ठीक. मी फोन ठेवला. दोन हजार माणसांच्या पायाखाली तुटलेली काच असताना जो माणूस ठीक लिहितो, त्याच्या तोंडून तो शब्द मला ऐकवत नाही. तुम्ही नसता तर त्या घराण्याचं मी नावच टाकलं असतं. आई सोडली तर मला तुमच्याशिवाय त्या घरातलं कुणी उरलेलं नाही."

मलाही तुझ्याशिवाय कुणी नाही. युनियनच्या कचेरीवरच्या या खोलीत एक खाट, तीन भिंतींना पुस्तकं आणि महिन्यातून एकदा येणारं तुझं पाकीट. पुढचं वाचून ते येणं थांबेल. हे पत्र दोन दिवस लिहितोय ते म्हणूनच.

काच मी तोडली.

ऐक. माझा पुलावर राग होता. अरुंद, जुनाट पूल. पाळी सुटताना बायाबापड्या कठड्याला चिकटून चालायच्या. वसाहतीला नवा पूल मिळायला हवा होता आणि ती मागणी खरी होती, आजही मी तिच्या एका शब्दावरून मागे हटणार नाही. पण खऱ्या मागणीला लोक जमत नव्हते. भेग दिसली तर जमतील असं वाटलं. गुरुवारी दुपारी मी एकटा पुलाखाली उतरलो. पट्टीवर चिखल होता. मला ती धड काढून सभेत दाखवायची होती, की बघा, खात्यालाच या खांबाचा भरवसा नाही. चाकूचं टोक प्लास्टरखाली घातलं, अंगठ्याने रेटलं. पट्टी मधोमध मोडली. अंगठा फाटला.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी काय केलं? फोटोवाल्याला घेऊन तासाभराने परत आलो.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो तर घास धरता येईना. दादाने हात ओढून दिव्याखाली धरला. "काय लागलं?" म्हणाला. मी म्हणालो, कचेरीतली खिडकी. त्याने वहिनींकडून चिमटा मागवला, अंगठ्यातून काचेची कपची काढली, उजेडात धरून पाहिली. मग औषध लावलं, पट्टी बांधली आणि म्हणाला, "काच हाताळताना फडकं घ्यावं." एवढंच. तू समोर बसून भाकरी मोडत होतीस. तू विचारलंस, "काका, खूप दुखतंय?"

शनिवारी पेपरात फोटो आला. दादा सकाळीच पुलावर गेला. रविवारी मैदानात मी हातात आलेला अर्धा तुकडा वर धरला आणि म्हणालो, "ही काच बोलते आहे. माझा भाऊ बोलत नाही." मैदान उसळलं. तू चौदा वर्षांची, व्यासपीठाच्या कडेला उभी होतीस. तुझे डोळे मला अजून दिसतात. त्यातलं कौतुक खोट्यावर मिळवलेलं होतं आणि मी ते एकोणतीस वर्षं खर्चत राहिलो.

चौकशी झाली. मंगळवारी 'ठीक' आणि शनिवारी तुटकी, म्हणजे मंगळवारची नोंद खोटी, असं साहेबांनी ठरवलं. त्याला विचारलं, काच दुसऱ्या कुणी तोडली असेल का? तो म्हणाला, "माझी नोंद खरी आहे. याहून अधिक मी बोलणार नाही." पुलावरून काढून त्याला नकाशांच्या खोलीत बसवलं. पुढची सात वर्षं पूल बांधणारा माणूस दुसऱ्यांच्या पुलांच्या सुरळ्या फडताळात लावत होता. अकरा महिने पूल बंद ठेवून तपासला. खांबाला काही झालेलं नव्हतं. पूल उघडला तेव्हा लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला, की आंदोलनामुळे सरकारने दुरुस्ती केली. नवा पूल झालाच नाही.

त्या पुडीत तीच पट्टी आहे. एक अर्धा खांबावर उरलेला, त्याने सोडवून आणलेला. दुसरा, मी सभेनंतर टेबलावर टाकून दिलेला. तो त्याने कधी उचलला देव जाणे. आणि कागदात वेगळी ठेवलेली तांदळाच्या दाण्याएवढी कपची. तिन्ही तुकडे जुळवले. जागच्या जागी बसतात. पुडीवर त्याच्या अक्षरात आहे, 'हाताने मोडलेली. वाचन धरू नये.'

कुणाच्या हाताने, ते लिहिलेलं नाही.

तुझ्या बाबांनी कधी खोटं 'ठीक' लिहिलं नाही. सभेला ये किंवा येऊ नकोस, पण हे जाणून ठरव.

काका

२५ फेब्रुवारी

तुला हाक मारायचं धाडस होत नाही, म्हणून तशीच सुरुवात करतो.

पत्र टाकून मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या मेथी निवडावी तशा शांतपणे दादाच्या शर्टांची बटणं काढत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, चिमटा मीच आणून दिला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"फोटो आला त्या दिवशीच. ह्यांनी कपची कागदात का ठेवली, तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी वर्षभर भांडले. म्हटलं, निदान पोरीला तरी सांगा. हे म्हणाले, तिचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेला. आता काकावरचाही घालवला तर तिच्याजवळ राहील काय? म्हणाले, तो स्वतः येईल सांगायला. त्याचं मन वाईट नाही, फक्त आवाज मोठा आहे." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मी ह्यांच्याएवढी मोठी नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. जेवून जा."

जेवलो. वरण, भात. समोर त्याची खुर्ची. तिच्याखालीही आकडा आहे.

मग खात्यात गेलो. दादाच्या जागेवर आता एक तरुण बाई आहेत. त्यांना लेखी जबाब दिला, की चौकशीतला शेरा चुकीचा आहे, दोषी मी आहे. त्यांनी नीट वाचला, दोन माणसांना जुनं दफ्तर शोधायला लावलं. तासाभराने म्हणाल्या, "आजोबा, ती फाइल अठरा वर्षांपूर्वीच नष्ट केली. आमच्याकडे त्यांच्याविरुद्ध काहीच नाही."

म्हणजे तो शेरा आता कागदावर कुठेच नाही. फक्त माणसांच्या डोक्यात आहे, आणि सगळ्यांत गडद अक्षरात तुझ्या.

३ मार्च

सभा झाली. तू आली नव्हतीस. दाराकडे मी किती वेळा पाहिलं ते सचिवाने मोजलं असेल.

मी चार मिनिटं बोललो. इतकं आखूड आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आधी झोका सांगितला, लोक हसले. मग अंगठा वर धरून दाखवला. तुकडे टेबलावर मांडले. म्हणालो, माझा भाऊ गप्प बसला आणि मी त्याच्या गप्प बसण्यावर पुढारी झालो. मी खाली उतरलो तेव्हा टाळी नव्हती, शिवी नव्हती. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या इतक्या उंच कधी वाटल्या नव्हत्या.

सचिव बाहेर आला. "काका, पूल बंद होता ते अकरा महिने माझी आई सात किलोमीटर फेरीने दवाखान्यात जायची. संधिवाताची बाई. कुरकुर केली तर मलाच दटावायची, म्हणायची काका सांगतायत म्हणजे खरंच असणार." जायला वळला, मग म्हणाला, "कचेरीवरच्या खोलीचं आम्ही कमिटीत बोलू. आज नाही."

"बोला," मी म्हणालो.

चपला शिवणारा एकटा जवळ आला. म्हणाला, "साहेब रोज जाता-येता विचारायचे, टाका झोपलाय ना रे?" आणि रडायला लागला. मला रडता आलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा मला काय अधिकार, म्हणून हात मागे बांधून उभा राहिलो.

१० मार्च, मंगळवार

आज पुलाखाली गेलो. गेल्या मंगळवारीही गेलो होतो. दादाने लावलेली शेवटची पट्टी तिथे आहे, कोपऱ्यात त्याच्या हाताची तारीख. गेल्या वेळी तिच्यावर महिनाभराच्या धुळीचा थर होता, बॅटरीने पाहावं लागलं. पुसायला माझा हात धजला नाही.

आज ती स्वच्छ होती. कडेकडेने, सावकाश पुसलेली. आरपार भेग दिसत होती. खालच्या दगडावर फडक्याची घडी होती, चार पदरी, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला.

तडक वहिनींकडे गेलो. त्या दारातच म्हणाल्या, "आली होती. शनिवारी आली, काल गेली. तुम्हाला भेटायचं नाही म्हणाली."

"झोक्यावर बसली?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"पायपुसणी काढली आधी," वहिनी म्हणाल्या. "मग बसली. बराच वेळ."

"काही म्हणाली?"

"करकरत नाही, म्हणाली."

ओळंबे, या नावाने हाक मारायचा मला हक्क नाही, पण त्या हाकेला ओ द्यायला शिकवणारा गेला आणि ती हाक माहीत असलेले आता वहिनी आणि मी दोघंच आहोत. तू उत्तर लिहू नकोस. मी मागणार नाही. खोली सोडावी लागली तरी पुलाच्या जवळपास कुठेतरी राहीन. दर मंगळवारी जाईन आणि तुला एक कार्ड टाकीन. तुझ्या बाबांची नोंदवही वहिनींनी मला दिली आहे, पंचेचाळीस पानं कोरी आहेत. फडकं खिशात आहे. आजची नोंद त्याच पेन्सिलीने केली, खाली माझं नाव घातलं, म्हणजे वाचन कुणाचं याबद्दल पुढे कुणाला शंका नको.

पाहिली. ठीक.